घरी येईपर्यंत

४ जानेवारी २०१६, सोमवार. सकाळी ९.१०
नवीन वही. वर्ष शुक्रवारीच सुरू झालं, पण कामाचं वर्ष सोमवारी सुरू होतं. या वहीत फक्त टेक्निकल नोंदी. घरातल्या गोष्टी लिहायच्या नाहीत.

सद्यस्थिती: 'सुखना', आमच्याकडच्या नदीच्या नावानं मी तयार केलेली मराठी प्रोग्रामिंग लँग्वेज. सहा वर्षांचं काम, व्हर्जन १.९. डाउनलोड ३१२ (त्यातले काही माझेच, टेस्टिंगसाठी). पोरांनी मराठीत हुकूम लिहायचे, 'चाल १००', 'वळ ७२', की स्क्रीनवरचं मेंढरू चालतं आणि मागं रेघ सोडत जातं. बाहेरच्या जगात या कामाला कासव ठेवतात. आमच्या घराण्यात कासव कुणी पाळलं नाही. मेंढरं पाळली.

कॉलेजची नोकरी सोडून सात महिने झाले. त्यांनी काँट्रॅक्ट वाढवलं नाही हे खरं, पण मी सोडणारच होतो. बायकोची, कस्तुराची, शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीतली नोकरी चालू आहे. त्यामुळं मला घाई नाही.

११.३०
आवडाबाई मॅडमचा फोन. शेंद्र्याच्या पलीकडं, आमच्या गावाशेजारच्या झेडपी शाळेच्या हेडबाई. त्यांची शाळा हा सुखनाचा सर्वांत मोठा यूजर ग्रुप आहे. (दुसरा ग्रुप अजून तयार व्हायचा आहे.) त्यांच्या पोरांनी बारा फुलांची रांगोळी काढणारा प्रोग्राम लिहिलाय. शाळेतल्या दहा जुन्या कॉम्प्युटरवर तो बरोबर चालतो. परवा कुणीतरी शाळेला नवा लॅपटॉप दिला, त्यावर मेंढरू पहिल्या फुलातच अडकतं. त्याच पाच रेघांवर घाण्याच्या बैलासारखं गोल गोल फिरत राहतं. दुसरं फूल सुरूच होत नाही. २९ तारखेला शहरात विज्ञान प्रदर्शन आहे, आणि तिथं सगळी मशीन नवी असणार.

दोन दिवसांत देतो म्हणालो. मनात दोन तास धरले होते.

५ जानेवारी, मंगळवार
कारण सापडलं. पोरांनी लिहिलंय 'घरी येईपर्यंत'. हा सुखनातला सगळ्यात देखणा हुकूम, माझा स्वतःचा. मेंढरू जिथून निघालं त्या जागी परत आलं की थांबायचं. पाच वळणांनंतर ते बरोबर शून्यावर यायला पाहिजे. जुनं मशीन म्हणतं, शून्य. नवं मशीन म्हणतं, पॉइंटनंतर सोळा शून्यं आणि मग एक सहा. जुनी चिप हिशेब करताना पोटात जास्त आकडे ठेवते, नवी चिप ठेवत नाही. दोघींचंही चूक म्हणता येत नाही. पण माझा हुकूम विचारतो, तंतोतंत त्याच जागी आहे का? मेंढरू घरात उभं असतं आणि त्याला ते कळत नाही.

जेवताना कस्तुराला सांगितलं. ती क्वालिटीला आहे, दिवसभर पार्टची मापं तपासते. ती म्हणाली, आमच्याकडं प्रत्येक मापाला प्लस-मायनस दिलेलं असतं, तेवढ्याच्या आत आलं की पास. तुमच्या मेंढराला पण तेवढं द्या की.

मी तिला समजावलं की लेथ मशीनचं काम वेगळं आणि गणित वेगळं. गणितात प्लस-मायनस म्हणजे तडजोड. ती बरं म्हणाली आणि भात वाढला.

७ जानेवारी, गुरुवार
सोडवला. आकडे मध्येच राउंड केले. नव्या मशीनवर बाराच्या बारा फुलं. १.९.१ रिलीज केलं आणि मॅडमना मेल. उद्यापासून सकाळी फिरायला जाणार.

८ जानेवारी, शुक्रवार
फिरायला गेलो नाही. आता जुन्या मशीनवर अडकतंय.

माळ्यावरून माझा २००४चा कॉम्प्युटर खाली काढला. मेंढरू नक्की कुठं उभं आहे ते बघायला प्रोग्राममध्ये एक ओळ टाकली, दर पावलाला जागा छापायची. ओळ टाकली की चूक गायब. ओळ काढली की चूक हजर. पाच वेळा करून बघितलं. छापायच्या वेळी आकडा चिपच्या पोटातून बाहेर येतो आणि त्याचे जास्तीचे आकडे गळून पडतात, असं काहीतरी. म्हणजे आपण बघत असलो की मेंढरू नीट वागतं.

निर्णय: ओळ राहू द्यायची. १.९.२.

११ जानेवारी, सोमवार
मॅडमचा फोन. दर पावलाला स्क्रीनवर 'मेंढरू इथं आहे' असं येतंय, पंधराशे वेळा आलं. पोरं मोठ्यानं वाचतायत. मग त्या हळूच म्हणाल्या, "सर, आम्ही 'घरी येईपर्यंत' काढून त्या जागी 'पाच वेळा' लिहिलंय. सगळीकडं बरोबर चालतंय. तुम्ही उगं जिवाला त्रास करून घेऊ नका."

मी त्यांना सांगितलं की हा हंगामी इलाज झाला. हुकूमच काढून टाकला तर लँग्वेज कशाला पाहिजे? त्या म्हणाल्या, तुमचं बरोबर आहे सर. समजूतदार बाई.

१३ जानेवारी, बुधवार. दुपारी
घरातली गोष्ट लिहायची नाही असं ठरलं होतं. पण तारीख लक्षात राहावी म्हणून लिहितो. मल्हारीदादाचा फोन. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. वडील, म्हणजे बापू, गेल्यावर तो मेंढरांमागं राहिला आणि मी होस्टेलला. आता चाऱ्याची बोंब आहे, तळं डिसेंबरातच आटलं, आणि ज्या रानात आम्ही चारायचो तिथं कंपन्यांची कंपाउंडं झाली. त्याचे गुडघेही चालत नाहीत. म्हणाला, "सत्तावीसला टेम्पो येनार हाय. समदीच देऊन टाकतो. तू तेवढा एक दिस ये. मला एकट्याला नाय जमायचं."

नक्की येतो म्हणालो. कॅलेंडरवर २७ ला गोल केला. तोवर काम संपलेलंच असेल.

दादाला काय जमायचं नाही ते विचारायचं राहिलं. चढवायला मजूर मिळतात.

१५ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत
मोठा निर्णय. दुसऱ्यांच्या गणितावर विसंबून राहणं हेच मूळ दुखणं आहे. प्रत्येक मशीनची साइन-कोसाइन काढायची पद्धत वेगळी. तेव्हा सुखनाची साइन मी स्वतः लिहिणार. नावही आपलंच, ज्या आणि कोज्या. मग मशीन कुठलंही असो, उत्तर एकच. असं काम मोठमोठ्या कंपन्यांत पन्नास-पन्नास माणसं करतात. मी एकटा आहे, त्यामुळं मीटिंगमध्ये वेळ जाणार नाही. पाच दिवस.

कस्तुरा म्हणाली, तीळगूळ घेऊन दादांकडं जाऊन येऊ, यंदा मेंढरं आहेत तोवर. म्हटलं, सत्तावीसला जायचंच आहे.

१८ जानेवारी, सोमवार
ज्या झाली. कोज्या अर्धी. सकाळी नऊ टेस्ट फेल होत्या, आता चौसष्ट आहेत. ही प्रगतीच आहे. आधी या चुका लपलेल्या होत्या.

२० जानेवारी, बुधवार
मेंढरू सरळ चालायचं सोडून तिरकं चाललंय. चहा कमी करायला हवा.

कस्तुराच्या कंपनीत स्टोअरला कॉम्प्युटर ऑपरेटरची जागा निघालीय. तिनं फॉर्म आणून टेबलावर ठेवला. मी तो माऊसखाली घेतला. माऊस त्यावर चांगला चालतो.

२२ जानेवारी, शुक्रवार. ११.४५
ज्या-कोज्या तूर्त बाजूला ठेवल्या. फेकल्या नाहीत, बाजूला ठेवल्या.

आज आंघोळ करताना एकदम सुचलं. आकड्यांची तुलना करायचीच कशाला? मेंढराची जागा पॉइंटनंतर दहा घरांपर्यंत अक्षरात लिहून काढायची, घराची जागाही तशीच लिहायची. दोन्ही मजकूर सारखे असले की मेंढरू घरी आलं. चिपच्या पोटात काय आहे याच्याशी आपल्याला देणंघेणंच नाही.

जुन्या मशीनवर पास. नव्या मशीनवर पास. शंभरपैकी शंभर. हे कुणालाच कसं सुचलं नसेल? याला १.९.३ म्हणणं अन्याय होईल. सरळ २.०.

२४ जानेवारी, रविवार
दादाचा फोन. कस्तुरानं उचलला, मला दिला. बुधवारी सकाळी दहाला टेम्पो येणार. बासष्ट नग ठरलेत. कोकरं पण जाणार. आठची बस धर म्हणाला. मी म्हणालो, दादा, काम जवळजवळ झालं, फक्त मॅन्युअल राहिलंय. तो म्हणाला, "आरं व्हय, तुजं काम मोठं हाय. पन ये."

२७ जानेवारी, बुधवार. सकाळी ७.१५
डबा, पाण्याची बाटली, टोपी. आठची बस.

७.४०
निघता निघता मॅन्युअल उघडलं. पहिल्याच पानावर १.९ लिहिलंय. एकूण तेवीस ठिकाणी. असं मॅन्युअल प्रदर्शनात गेलं तर? नऊची बस पण आहे.

८.५०
फोटोही जुने आहेत. साडेदहाची बस धरली तरी टेम्पोवाले कधी वेळेवर येत नाहीत.

९.०५
कस्तुरानं ऑफिसात फोन करून हाफ डे टाकला. म्हणाली, तुम्ही बसा, मी रिक्षानं जाऊन येते. सगळं शांतपणे बोलली. तिला माझ्या कामाची किंमत कळते.

दुपारी ४
कस्तुरा आली. पाय धुतले, चहा ठेवला, मग सांगितलं. मला जसं आठवतं तसं लिहून ठेवतो.

टेम्पो दहालाच आला. दादानं मजुरांना हात लावू दिला नाही. एकेक मेंढरू स्वतः धरून फळीवर आणलं, प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि वर सोडलं. गुडघ्यांमुळं मध्ये मध्ये बसत होता. त्याला दीड तास लागला, टेम्पोवाला खूप बोलला. शेवटची एक काळी मेंढी फळीवर पाय ठेवेना. दादा तिच्याजवळ बसला आणि कस्तुराला म्हणाला, "पोरी, तू लोट. माज्यानं व्हईना." मग कस्तुरानं तिला लोटलं. टेम्पो निघाल्यावर कुत्रं मागं पळत शेंद्र्याच्या चौकापर्यंत गेलं आणि दुपारी एकटंच परत आलं.

मी विचारलं, दादा माझ्याबद्दल काही बोलला का? ती म्हणाली, विचारत होते, त्रिंबकची तब्येत बरी आहे ना.

मी म्हणालो, बरं झालं तू गेलीस. ती कपबशा घेऊन आत गेली.

मॅन्युअल पूर्ण झालं. तेवीसच्या तेवीस जागा.

२८ जानेवारी, गुरुवार
मॅडमना फोन केला, उद्या सकाळी मी स्वतः प्रदर्शनात येऊन २.० टाकून देतो. त्या म्हणाल्या, "सर, आहे तेच राहू द्या ना. पोरांची तयारी 'पाच वेळा'वर झालीय." मी म्हणालो, शिक्षण खात्याची माणसं येणार. त्यांना मूळ हुकूम दिसला पाहिजे. त्यांनी एकदा बघितलं की जिल्ह्यातल्या चाळीस शाळांत सुखना जाईल. निदान चाळीस. मॅडम मग म्हणाल्या, या सर.

२९ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६
प्रदर्शन झालं.

ठरल्याप्रमाणं सकाळी पोचलो. टेबलावर आयोजकांचा नवा कॉम्प्युटर होता. २.० टाकलं. पोरांच्या प्रोग्राममधलं 'पाच वेळा' मी माझ्या हातानं खोडलं आणि 'घरी येईपर्यंत' लिहिलं. चालवून बघणार होतो, तेवढ्यात पाहुणे आले म्हणून सगळ्यांना उभं केलं.

पाहुणे टेबलापाशी आले. शाळेच्या सात मुली नवे युनिफॉर्म घालून उभ्या होत्या. एकीनं पाठ केलेलं सांगितलं: हे आमचं मेंढरू, हे चालता चालता रांगोळी काढतं आणि घरी आलं की थांबतं. आणि बटण दाबलं.

मेंढरानं पहिलं फूल काढलं. मग परत तेच काढलं. मग परत.

पाहुणे सज्जन होते. मिनिटभर थांबले. कुणीतरी विचारलं, हे थांबतं कधी? मुलगी मॅडमकडं बघायला लागली. मॅडमनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या पाहुण्यांना म्हणाल्या, "मशीन नवीन आहे साहेब, पोरांचं काही चुकलं नाही." पाहुणे छान छान म्हणत ज्वालामुखीच्या टेबलाकडं गेले.

ती मुलगी बराच वेळ स्क्रीनकडं बघत होती. मग तिनं मला विचारलं, सर, मी चुकीचं बटण दाबलं का?

मी म्हणालो, बघतो.

३० जानेवारी, शनिवार. दुपारी
कारण सापडलं. त्या मशीनवर मेंढरू घरी येतं ते शून्याच्या किंचित अलीकडून. दहा घरांपर्यंत लिहिलं की सगळी शून्यंच, पण पुढं वजाचं चिन्ह राहतं. उणे शून्य. उणे शून्य आणि शून्य यांत फरक नाही, हे कुणालाही कळतं. पण अक्षरात लिहिलं की ते दोन वेगळे शब्द होतात.

माझ्या दोन मशीनवर ते पलीकडून यायचं. मी दोनच मशीनवर टेस्ट केलं होतं.

मॅडमना सविस्तर मेल लिहिला, साडेतीन पानं. मुलीला सांगा, बटण बरोबर होतं, हे शेवटी लिहिलं. मग ते वर आणून पहिली ओळ केली. मग बाकीची साडेतीन पानं पुसून टाकली.

२ फेब्रुवारी, मंगळवार
मॅडमचा फोन. आवाजात राग नव्हता, असता तर बरं वाटलं असतं. पोरींना सांगितलं म्हणाल्या. मग म्हणाल्या, केंद्रातून दुसरं सॉफ्टवेअर सगळ्या शाळांना सक्तीचं झालंय, तेव्हा ते वापरावं लागेल. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका सर. पोरं सुरुवातीला शिकली ती तुमच्याच मेंढरावर."

मी म्हणालो, काहीच हरकत नाही, २.१ आलं की परत बोलू. त्या म्हणाल्या, हो. सक्तीचं पत्र खरंच आलंय की नाही, हे मी विचारलं नाही.

७ फेब्रुवारी, रविवार. सकाळी
प्लस-मायनस टाकलं. एक ओळ. मेंढरू घराच्या केसभर जवळ आलं तरी घरी आलं समजायचं. अकरा मिनिटं लागली, त्यातली चार कॉम्प्युटर सुरू व्हायची. जुन्यावर चाललं, नव्यावर चाललं, कस्तुराच्या भावाच्या लॅपटॉपवर मागवून बघितलं, तिथंही चाललं. बारा फुलं.

कस्तुराला बोलावून दाखवलं. आणखी कुणाला दाखवणार? ती हात पुसत आली, सगळी रांगोळी पूर्ण होईपर्यंत उभी राहिली. छान आहे म्हणाली. मी म्हणालो, तू पाच तारखेलाच सांगितलं होतंस. ती म्हणाली, कुठल्या पाच तारखेला?

तिला आठवतही नव्हतं.

२.१ रिलीज केलं.

१५ फेब्रुवारी, सोमवार
२.१चे डाउनलोड: १. तो मीच.

स्टोअरचा फॉर्म भरला. 'अनुभव' या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना. कस्तुरानं लिहिलं, अध्यापन, नऊ वर्षं.

२१ फेब्रुवारी, रविवार
गावाला गेलो. आठची बस, यावेळी धरली. दादा घरी नव्हता. शेजारी म्हणाले, तो आता ड्यूटीवर असतो. कुठल्या ड्यूटीवर ते मला माहीत नव्हतं. कस्तुराला माहीत होतं, नंतर कळलं.

तो एका कंपनीच्या गेटवर भेटला. वॉचमनचा निळा शर्ट, खांद्यांवर उतरलेला. कमरेचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढलेला. मला बघून खुर्चीतून उठायला लागला, गुडघ्यांमुळं वेळ लागला. मी बस म्हणायच्या आत उठलाच. "आरं, तू? आज कसा?"

कंपाउंडच्या आत, जिथं आता पार्किंग आहे, तिथं आम्ही लहानपणी मेंढरं बसवायचो. मी तसं म्हणालो. तो म्हणाला, "व्हय, थितंच. म्हनून तर ह्याच गेटवर मागितली ड्यूटी." मग म्हणाला, पहिले आठ दिवस पहाटे जाग यायची आणि उठून बसायचो. आता नाय येत.

मी सत्तावीसबद्दल बोलायला लागलो. मॅन्युअलचं कारण तोंडात आलं होतं. तो म्हणाला, "राहू दी. कस्तुरा आली हुती की."

माझं काम कसं चाललंय, विचारलं. गेटवरच्या लोकांना त्यानं सांगितलंय म्हणे, माझा भाऊ कॉम्प्युटरात मेंढरं वळतो. कुणाचा विश्वास बसत नाही. "तुला यकदा घेऊन यतो म्हनलं. मी पन कुटं बघितलंय."

सहा वर्षांत मी दादाला मेंढरू दाखवलं नव्हतं. त्याला काय कळणार, असं मला वाटलं असेल. तसं कधी मनात म्हटल्याचं आठवत नाही, पण दाखवलं नव्हतं. आणि आज लॅपटॉप आणला नव्हता.

त्याची ड्यूटी दोनला संपणार होती. साडेदहा वाजले होते. मी थांबतो म्हणालो. दादा जरा घुटमळला. म्हणाला, केबिनपाशी सावलीत बसायचं तर रजिस्टरात नाव लागतं, सुपरवायझर कडक हाय. त्यानं रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं, पेनाचं टोपण काढून दिलं. नाव, गाव, वेळ, कुणाला भेटायचं, हे सगळं भरलं. शेवटचा रकाना होता, 'काय काम'.

दादा वाट बघत होता. मी लिहिलं, काही नाही.